चेक डिजिट जुळतो, तरी पासपोर्ट नंबर चुकीचा: एमआरझेड वाचणाऱ्या लायब्ररीचं जुनं दुखणं

तक्रार दर वेळी साधारण एकाच रूपात येते. पासपोर्टच्या पानाचा फोटो टाकला, लायब्ररीने (म्हणजे आम्ही वापरतो त्या तयार कोडने) तळाच्या दोन ओळी, म्हणजे यंत्राने वाचायची एमआरझेड, वाचल्या, सगळे चेक डिजिट (वाचन तपासण्यासाठी छापलेले अंक) जुळले, निकाल ‘वैध’ आला. चार दिवसांनी कळतं, की साठवलेल्या नंबरच्या शेवटी एक ‘के’ जास्तीचा आहे आणि त्यामुळे तो माणूस जुन्या नोंदींत सापडतच नाही. कोणीतरी तेवढी एक नोंद हाताने दुरुस्त करतं, तक्रारीचं तिकीट बंद होतं. पुढच्या महिन्यात तीच तक्रार, फक्त पासपोर्ट दुसरा.

आमच्याकडे हे तिकीट तीनदा बंद होऊन तीनदा उघडलं. पहिल्या दोन वेळा मी ‘फोटो अंधुक होता’ एवढं लिहून मोकळा झालो. तिसऱ्या वेळचा फोटो मात्र स्वच्छ होता. मग कागद घेऊन चेक डिजिटची बेरीज हाताने मांडली आणि चूक कुठे आहे ते दिसलं. लायब्ररीचं गणित बरोबर होतं. ‘चेक डिजिट जुळला म्हणजे अक्षरं बरोबर वाचली गेली’ हे आमचं गृहीतकच चुकलं होतं.

बेरीज कागदावर

पासपोर्टच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘डॉक ९३०३’ या दस्तऐवजात त्यांचा नमुना ठरवून दिलेला आहे. त्यात फक्त इंग्रजी मोठी लिपी, ० ते ९ अंक आणि रिकामी जागा भरणारं ‘<’ हे कोन-चिन्ह, म्हणजे फिलर, एवढंच येतं. दुसऱ्या ओळीत पहिल्या ९ जागा पासपोर्ट नंबरच्या, दहावी त्याच्या चेक डिजिटची. पुढे राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत, १४ जागांचा ऐच्छिक मजकूर, आणि ४४व्या जागेवर राष्ट्रीयत्व आणि लिंग सोडून बाकी सगळ्यांचा मिळून एक चेक डिजिट.

गणित सोपं आहे. अंकाची किंमत तोच अंक. ‘ए’ म्हणजे १०, ‘बी’ म्हणजे ११, असं करत ‘झेड’ म्हणजे ३५. फिलर म्हणजे ०. प्रत्येक अक्षराला ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं गुणायचं (हे त्या जागांचे भार), बेरीज करायची आणि १० ने भागून उरलेली बाकी घ्यायची.

डॉक ९३०३ च्या जुन्या आवृत्तीतल्या नमुना पासपोर्टचा नंबर घेऊ: एल८९८९०२सी, आणि नववी जागा रिकामी म्हणून तिथे फिलर. ‘एल’ २१, गुणिले ७ म्हणजे १४७. मग ८ गुणिले ३, २४. ९ गुणिले १, ९. ८ गुणिले ७, ५६. ९ गुणिले ३, २७. शून्याचं शून्य. २ गुणिले ७, १४. ‘सी’ १२, गुणिले ३, ३६. फिलरचं शून्य. बेरीज ३१३, बाकी ३. छापलेला चेक डिजिटही ३.

आता समजा ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, नवव्या जागेवरचा फिलर ‘के’ म्हणून वाचला. ‘के’ची किंमत २०, गुणिले १. बेरीज ३३३. बाकी ३. चेक डिजिट तसाच जुळतो.

आणि फिलरचा ‘के’ होणं हे काही दुर्मिळ नाही. सर्वसाधारण मजकुरावर शिकवलेल्या ओसीआर मॉडेलला एकटं कोन-चिन्ह फारसं भेटलेलं नसतं. ते जवळचं अक्षर शोधतं, आणि ‘के’च्या उजव्या अर्ध्या भागात नेमका तोच कोन असतो. ज्या पासपोर्टांचे नंबर ८ अक्षरी असतात, त्यांची नववी जागा कायम फिलरची. म्हणजे ही चूक तिथे पुन्हा पुन्हा होणार आणि चेक डिजिट तिला प्रत्येक वेळी सोडून देणार.

कोणत्या चुका निसटतात

७, ३ आणि १ या तिन्ही आकड्यांचा १० शी १ सोडून समान विभाजक नाही. त्यामुळे एकच अक्षर बदललं तर चूक पकडली जाते, अपवाद एकच: दोन अक्षरांच्या किमतींतला फरक १० च्या पटीत असेल तर. हा अपवाद बारीक दिसतो, पण त्यात येणाऱ्या जोड्या पाहिल्या की काळजी वाटते.

फिलर, ०, ‘ए’, ‘के’ आणि ‘यू’ या पाचांची बाकी एकच. ६, ‘जी’ आणि ‘क्यू’ एकत्र. ८, ‘आय’ आणि ‘एस’ एकत्र. ५, ‘एफ’, ‘पी’ आणि ‘झेड’ एकत्र. १, ‘बी’, ‘एल’ आणि ‘व्ही’ एकत्र. ६ आणि ‘जी’, ८ आणि ‘एस’, ‘एफ’ आणि ‘पी’ या जोड्या किंचित हललेल्या फोटोत सहज अदलाबदल होतात. ज्या जोडीची सगळ्यांना भीती असते ती ‘ओ’ आणि शून्याची. ती मात्र एकटी असेल तर पकडली जाते, कारण ‘ओ’ची किंमत २४.

१ आणि ‘एल’ची जोडी विशेष लक्षात ठेवा. मोठ्या लिपीतला ‘एल’ एकासारखा दिसत नाही, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. पण ओसीआर १ ला छोट्या लिपीतला ‘एल’ समजतं, आणि मग आपल्याच कोडमधली ‘सगळं मोठ्या लिपीत करा’ ही निरुपद्रवी वाटणारी ओळ त्याचा मोठा ‘एल’ करून टाकते. २१ ची बाकी १. चूक पक्की झाली आणि तपासणीतूनही पार पडली. एमआरझेडमध्ये छोटी लिपी असूच शकत नाही. ती आढळली तर ‘इथे वाचनाची शंका आहे’ एवढाच अर्थ घ्या. परस्पर मोठी करू नका.

दुसरी निसटणारी चूक जोडीने येते. ७ आणि ३ मिळून १० होतात. म्हणजे एकच चूक एकदा ७ भाराच्या जागेवर (१, ४, ७) आणि एकदा ३ भाराच्या जागेवर (२, ५, ८) झाली, तर दोन्ही मिळून फरक १० च्या पटीत जातो आणि चेक डिजिट हलत नाही. चौथ्या-पाचव्या जागेवरची दोन शून्यं ‘ओ-ओ’ अशी वाचली तर? २४ गुणिले ७ अधिक २४ गुणिले ३, म्हणजे २४०. बाकीत काही फरक नाही. आणि ओसीआर अशा चुका एकएकट्या करत नाही. एका शून्याला ‘ओ’ म्हणालं की त्याच ओळीतल्या शेजारच्या शून्यालाही तेच म्हणतं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही, त्यांच्यात ५ चा फरक असेल तर, निसटते. हाताने टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत तीही लक्षात ठेवायला हवी.

इथे बरेच जण म्हणतात, ‘पण शेवटचा एकत्रित चेक डिजिट आहे ना!’ पासपोर्ट नंबरपुरता त्याचा उपयोग शून्य आहे. एकत्रित बेरीज पहिल्याच जागेपासून सुरू होते, म्हणजे नंबरच्या ९ अक्षरांना तिथेही तेच ७, ३, १ भार त्याच क्रमाने मिळतात. जी चूक नंबरच्या स्वतःच्या चेक डिजिटमधून निसटली, ती एकत्रितमधूनही हमखास निसटते. जन्मतारखेचं तसं नाही. एकत्रित बेरजेत ती अकराव्या जागेपासून येते, तिचे भार ३ पासून सुरू होतात, म्हणून तिथे दुसरी तपासणी खरोखर दुसरी असते. मला हे समजायला उशीर झाला आणि तोवर ‘दोन चेक डिजिट जुळले म्हणजे खात्री’ असं मी सहकाऱ्यांना सांगत होतो.

नावाच्या ओळीला तर चेक डिजिटच नाही. पहिली ओळ पूर्णपणे ओसीआरच्या भरवशावर असते.

दुरुस्ती कशी केली

सगळ्यात आधी ओसीआरची अक्षरयादी आवळा: २६ अक्षरं, १० अंक, एक फिलर. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्रॅम वापरत असाल तर आवृत्ती पाहा, ४.० मध्ये नव्या इंजिनाला ही यादी लागू होत नव्हती, ४.१ पासून होते. शब्दकोशाचा आधार बंद करा, नाहीतर ते फिलरच्या रांगेतही शब्द शोधत बसतं. छपाई ओसीआर-बी या टंकात असते, म्हणून त्या टंकावर शिकवलेलं मॉडेल मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं.

मग जागेनुसार दुरुस्ती. जन्मतारीख, मुदत आणि त्यांचे चेक डिजिट या जागांवर ‘ओ’ येणं शक्य नाही, तिथे शून्य करा. देशाच्या कोडमध्ये आणि नावात अंक येणं शक्य नाही, तिथे उलट करा. ही दुरुस्ती निर्धोक आहे, कारण ती चेक डिजिटवर विसंबत नाही, नियमावर विसंबते.

पासपोर्ट नंबरला हा नियम लावू नका. तिथे अक्षर आणि अंक दोन्ही चालतात. बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये ‘आपोआप दुरुस्त करा’ असा पर्याय असतो. तो शंकास्पद अक्षरं बदलत जातो आणि चेक डिजिट जुळला की थांबतो. वरच्या गणितानंतर त्याचा धोका वेगळा सांगायला नको. आम्ही तो पर्याय बंद केला. त्याऐवजी शंकास्पद जागांची सगळी रूपं तयार करतो आणि चेक डिजिट जुळणारी किती उरतात ते मोजतो. एकापेक्षा जास्त उरली, तर कोड निर्णय घेत नाही: त्या ओळीचा कापलेला फोटो मोठा करून वापरकर्त्यासमोर ठेवतो आणि विचारतो. लोकांना स्वतःचा पासपोर्ट नंबर वाचायला पाच सेकंद लागतात.

नवव्या जागेच्या ‘के’साठी एक साधी युक्ती कामी आली. ओसीआर-बी समान रुंदीचा टंक आहे, त्यामुळे ओळीचे ४४ समान चौकोन पाडता येतात. नवव्या चौकोनाची डावी कड पाहायची. ‘के’ला डावीकडे वरपासून खालपर्यंत उभा दांडा असतो, फिलरला तिथे फक्त मधोमध एक टोक. दांड्याच्या पट्टीत काळे पिक्सेल किती, एवढं मोजलं तरी दोघं वेगळे होतात. फोटो तिरका असेल तर आधी सरळ करून घ्या, नाहीतर चौकोन सरकतात.

नावाच्या ओळीत आडनाव आणि नाव यांच्यामध्ये दोन फिलर येतात, बाकी शब्दांमध्ये एकच. म्हणून नाव सुरू झाल्यानंतर पुन्हा दोन फिलर लागोपाठ दिसले की ओळ तिथे संपली. त्यापुढचे सुटे ‘के’, ‘सी’, ‘एल’ खुशाल टाकून द्या. पण नावाला चिकटलेला ‘के’ कापू नका. ‘के’ने संपणारी खरी नावं पुष्कळ आहेत, आणि कोणाचं नाव अर्धवट नोंदवणं ही आपल्याला किरकोळ वाटणारी चूक त्या माणसाला काउंटरवर उभं राहून निस्तरावी लागते. पानाच्या वरच्या भागातलं छापील नाव वाचून ताडून पाहा. ताडतानाही अक्षरशः तुलना नको: ३९ जागांत न मावणारं नाव कापलेलं असतं, हायफनच्या जागी फिलर येतो, अपॉस्ट्रॉफी गळतो, आणि जर्मन ‘ß’ चं दुहेरी ‘एस’ झालेलं असतं.

पासपोर्टात चिप असेल आणि फोनला एनएफसी (चिप जवळ धरून वाचण्याची सोय) असेल, तर सगळ्यात भक्कम तपासणी तीच. चिप उघडणारी किल्ली नंबर, जन्मतारीख, मुदत आणि त्या तिघांचे चेक डिजिट यांच्यापासूनच बनते. एक अक्षर चुकलं की किल्ली चुकते, चिप उघडत नाही. फिलरचा ‘के’ इथे निसटू शकत नाही. चिप उघडली की आतल्या डेटा ग्रुप १ मध्ये एमआरझेड जशीच्या तशी मिळते, ती साठवा आणि ओसीआरचा मजकूर सोडून द्या. मात्र किल्ली बनवताना ८ अक्षरी नंबरचा फिलर काढू नका. दाखवण्यासाठी स्वच्छ केलेला नंबर किल्लीला दिला, म्हणून ‘चिप वाचता येत नाही’ हे वेगळंच तिकीट आमच्याकडे महिनाभर फिरत होतं.

उलटी तक्रार: पासपोर्ट खरा, निकाल अवैध

ही कारणं जास्त सरळ आहेत.

ओळीची लांबी ४४ भरत नसेल तर ओसीआरच्या आधी आपल्या पाइपलाइनकडे पाहा. दोन फिलरचं ‘«’ असं एकच चिन्ह झालेलं असतं. वेब फॉर्मवर टॅग काढून टाकणारं फंक्शन लावलेलं असेल तर पहिल्या ओळीतलं ‘पी’ तेवढं उरतं, कारण त्याच्यापुढचं कोन-चिन्ह टॅगची सुरुवात समजलं जातं. एचटीएमएलसाठी एस्केप केलेला (म्हणजे कोन-चिन्हाऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहिलेला) मजकूर तसाच पार्सरकडे, म्हणजे ओळी फोडून वाचणाऱ्या कोडकडे, गेला तर एका फिलरची चार अक्षरं होतात. ओळीच्या शेवटचे फिलर ‘फालतू’ समजून छाटलेले असतात. या चारही गोष्टी मी वेगवेगळ्या वेळी पाहिल्या आहेत आणि दर वेळी दोष आधी लायब्ररीला दिला गेला.

ऐच्छिक मजकूर रिकामा असेल तर ४३व्या जागी, म्हणजे त्याच्या चेक डिजिटच्या जागी, ० चालतं आणि फिलरही चालतो. फक्त ० ची अपेक्षा ठेवणारा कोड खरे पासपोर्ट नाकारतो.

देशांचे कोड नेहमीच्या आयएसओ यादीशी ताडू नका. जर्मनीचा कोड ‘डी’ आणि पुढे दोन फिलर. संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासपत्रांवर ‘यूएनओ’, राष्ट्रीयत्व नसलेल्यांसाठी ‘एक्सएक्सए’, निर्वासितांसाठी ‘एक्सएक्सबी’. नकार मिळण्याची सर्वांत जास्त झळ ज्यांना बसते, तीच माणसं या यादीतून गळतात; म्हणून ही दुरुस्ती मी ‘नंतर पाहू’च्या रांगेत ठेवू दिली नाही. लिंगाच्या जागीही फिलर वैध आहे.

जन्मतारखेचा महिना किंवा दिवस माहीत नसेल तर तिथेही फिलर येतात. तारखेचं पार्सिंग कोसळू देऊ नका. जेवढं आहे तेवढं साठवा. वर्ष दोन अंकी असल्याने शतक आपल्याला ठरवावं लागतं. जन्म भविष्यात असू शकत नाही, एवढ्या नियमावर बहुतेक नोंदी सुटतात. शंभरी ओलांडलेल्या माणसांसाठी मात्र पानावरची छापील तारीखच पाहावी लागते. मुदतीला जन्मतारखेचा नियम लावलात तर पुढच्या दशकात संपणारा पासपोर्ट मागच्या शतकात संपलेला दिसेल.

आणि मुदत संपलेली असणं वेगळं, वाचन चुकलेलं असणं वेगळं. लायब्ररी दोन्हींसाठी एकच ‘अवैध’ परत देत असेल तर तो निकाल वापरू नका, प्रत्येक चेक डिजिटचं उत्तर सुटं मागून घ्या.

मराठी कीबोर्डवरून नंबर टाइप होण्याची शक्यता असेल तर एक गोष्ट आपल्या कामाची. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली अंक ओळखणारी फंक्शनं देवनागरी ७ लाही अंक मानतात आणि त्याचं पूर्णांकात रूपांतर बिनतक्रार करतात. चेक डिजिट जुळतो, नोंद साठते, आणि शोधताना इंग्रजी अंकांतला नंबर तिच्याशी जुळत नाही. तपासणीच्या आधी अंक इंग्रजी करून घ्या.

टेस्ट आणि लॉग

चाचण्यांसाठी डॉक ९३०३ मधला ‘युटोपिया’ या काल्पनिक देशाचा नमुना पुरेसा आहे. जुन्या आवृत्तीतल्या नंबरचं गणित वर आलंच. नव्या आवृत्तीतला एल८९८९०२सी३, चेक डिजिट ६. जन्मतारीख ७४०८१२, चेक डिजिट २. मुदत १२०४१५, चेक डिजिट ९. एवढ्यावर न थांबता ज्या चुका निसटायला नकोत त्यांची टेस्ट लिहा: नवव्या जागी ‘के’, ६ च्या जागी ‘जी’, चौथ्या-पाचव्या जागेवरच्या दोन शून्यांचे दोन ‘ओ’. या टेस्टमध्ये चेक डिजिट जुळणारच आहे; कोडने तरीही ‘शंका’ असा निकाल द्यावा, हे तपासायचं आहे.

आमच्या कोडच्या रेपॉझिटरीत या तिकिटाच्या निमित्ताने कोणीतरी खऱ्या पासपोर्टची ओळ टेस्टमध्ये चिकटवली होती, आणि डीबग लॉगमध्ये तर पूर्ण ओळी रोज जात होत्या. ज्या तीन गोष्टींपासून चिपची किल्ली बनते, त्या तिन्ही एका ओळीत, साध्या मजकुरात. त्या लॉगमध्ये आता फक्त ओळीची लांबी, कोणत्या जागेवर शंका आली ती जागा आणि तिथे वाचलेलं अक्षर, एवढंच जातं. गेल्या वेळी नववी जागा आणि ‘के’ एवढी नोंद पाहूनच तिकीट सुटलं, फोटो उघडावाच लागला नाही.